कोकोचे रोप आणि पिशवीतील माती
(विद्यार्थ्यांच्या रोपवाटिका-प्रयोगांविषयीच्या एका भाषणाचा मजकूर)



भात, नाचणी किंवा चवळी यांचे बियाणे नीट वाळवून ठेवले की ते पुढच्या हंगामापर्यंत टिकते. कोकोचे तसे नाही. कोकोचे बी वाळले की मेले. पिकलेले फळ फोडून दाणे बाहेर काढल्यावर थोड्याच दिवसांत त्यांची उगवणशक्ती नाहीशी होते. त्यामुळे ज्या विद्यार्थ्यांना कोकोच्या रोपांवर प्रयोग करावयाचा असतो, त्यांना प्रथम माती तयार करून पिशव्या भराव्या लागतात आणि मगच फळाला सुरी लावावी लागते. बी काही दिवसांचे, रोप चार-सहा महिन्यांचे, पण झाड कित्येक दशकांचे. आणि या साऱ्याचा आरंभ पिशवीतल्या दोन किलो मातीत होतो. त्या मातीत काय मिसळावे, किती मिसळावे, आणि मिसळल्याचा गुण आला की नाही हे प्रामाणिकपणे कसे ठरवावे, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

कोकोचे मूळ घर दक्षिण अमेरिकेतील ॲमेझॉन नदीच्या वरच्या खोऱ्यात आहे. भारतात तो प्रथम १७९८ साली आजच्या तामिळनाडूतील कुर्ताळम् येथे आला. परंतु व्यापारी लागवडीस खरी सुरुवात १९६० नंतरच्या दशकात केरळात झाली. पुढे या पिकाने भावाची चढउतार चांगलीच पाहिली. १९८० च्या सुमारास भाव कोसळले आणि अनेक बागाईतदार हवालदिल झाले. त्या वेळी १९७३ साली मंगळूर येथे स्थापन झालेली कॅम्पको ही सुपारी-उत्पादकांची सहकारी संस्था कोकोच्या खरेदीत उतरली, आणि १९८६ साली तिने पुत्तूर येथे चॉकलेटचा कारखाना उभारला. अलीकडे, २०२४ साली, पश्चिम आफ्रिकेतील पीक बुडाल्यामुळे जागतिक बाजारात कोकोचा भाव टनामागे १०,००० डॉलरच्याही वर गेला होता. भाव चढला की रोपांना मागणी येते, आणि रोपांना मागणी आली की माती ‘सुधारणाऱ्या’ निरनिराळ्या पुड्याही बाजारात येतात. भाव उतरतात, पण लावलेले झाड आणि खर्चलेला पैसा मात्र बागेतच राहतो. यास्तव अशा वेळी साध्या, स्वच्छ प्रयोगाचे मोल अधिक असते.

गोव्यातील कुळागरांत कोकोला जागा आहे. पोफळी आणि माड यांच्या खाली मिळणारी विरळ सावली, झऱ्याचे पाणी आणि पानगळीने झाकलेली जमीन या झाडाला मानवते. केळ, मिरवेल, जायफळ यांच्या पंगतीत ते सहज बसते. अडचण येते ती मातीची. गोव्यातील व कोकणातील बरीचशी जमीन जांभ्यापासून झालेली आहे. शतकानुशतके कोसळणाऱ्या पावसाने तिच्यातील कॅल्शियम आणि मॅग्नेशियम धुऊन नेले आहे; मागे राहिले आहेत ते लोह आणि ॲल्युमिनियम यांचे अंश. अशी माती आम्ल असते. आम्लता मोजण्याच्या मापाला सामू म्हणतात. सामू ७ म्हणजे उदासीन, त्याखाली आम्ल. कोकोला ६ ते ७ च्या आसपासचा सामू उत्तम. तो ५.५ च्या खाली गेला की मातीतील ॲल्युमिनियम विरघळू लागते आणि कोवळ्या मुळांची टोके खुरटतात. शिवाय घातलेल्या स्फुरदाचा मोठा भाग लोह आणि ॲल्युमिनियम धरून ठेवतात व रोपाच्या वाट्याला थोडाच येतो. वरून पाहता रोप नुसते ‘वाढत नाही’ एवढेच दिसते. कारण जमिनीखाली असते.

मातीचा हा दोष कमी करण्यासाठी जे पदार्थ मिसळतात त्यांना भूसुधारके म्हणतात. चुना किंवा डोलोमाइट आम्लता कमी करतो. डोलोमाइटमधून मॅग्नेशियमही मिळते. कुजलेले शेणखत आणि कंपोस्ट अन्नद्रव्ये देतात, ओल धरतात आणि विरघळलेल्या ॲल्युमिनियमला काही प्रमाणात बांधून ठेवतात. काथ्याचा भुसा माती हलकी करतो. मात्र तो ताजा वापरल्यास त्यातील क्षार व टॅनिन रोपाला बाधतात, म्हणून धुऊन किंवा कुजवून घ्यावा लागतो. पालापाचोळा, करवंट्या, फांद्या यांसारखा टाकाऊ माल अपुऱ्या हवेत जाळून केलेला जैवकोळसा हा हल्ली विशेष चर्चेतला पदार्थ होय. तो ओल व अन्नद्रव्ये धरून ठेवू शकतो, आणि त्यातील राखेमुळे आम्लताही कमी होते. ॲमेझॉनच्या खोऱ्यातच, कोकोच्या मायभूमीत, प्राचीन वस्त्यांच्या जागी कोळसा, हाडे आणि घरगुती कचरा मिसळून झालेली काळी सुपीक माती आजही सापडते.

मराठी मुलखाशी जवळीक असलेल्या इंदूर नगरीचे या विषयाला मोठे देणे आहे. तेथील वनस्पती-उद्योग संस्थेत १९२४ पासून काम करणारे सर अल्बर्ट हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी शेतातील काडीकचरा, शेण, गोमूत्राने भिजलेली माती आणि लाकडाची राख यांचे थर रचून व ते वेळोवेळी उलटून उत्तम कंपोस्ट करण्याची रीत बसविली. १९३१ साली दोघांच्या नावे तिच्यावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि ‘इंदूर पद्धत’ हे नाव जगभर पोहोचले. त्या ढिगात राख कशासाठी होती? कुजताना निर्माण होणारी आम्लता आटोक्यात ठेवण्यासाठी. म्हणजे आज ज्याला भूसुधारक म्हणतात त्याचा विचार त्या ढिगाच्या रचनेतच होता.

आता प्रयोगाकडे वळू. एखाद्या कृषी विद्यालयातील पाच-सहा विद्यार्थ्यांचा गट हा प्रयोग करू इच्छितो असे धरू. बहुधा त्यांची पहिली योजना अशी असते : एका बाजूला नुसती जांभ्याची माती, दुसऱ्या बाजूला जैवकोळसा घातलेली माती, चार महिन्यांनी उंची मोजायची आणि जैवकोळसा श्रेष्ठ म्हणून सांगायचे. ही तुलना लटकी आहे. नुसत्या जांभ्याच्या मातीत रोपे करणारी रोपवाटिका शोधूनही सापडणार नाही. शेतकरी आधीपासूनच माती, रेती व शेणखत समभाग घेऊन पिशव्या भरतो. नव्या मिश्रणाला हरवावयाचे आहे ते या नेहमीच्या मिश्रणाला. दुबळा प्रतिस्पर्धी उभा करून मिळवलेला विजय प्रदर्शनात शोभतो. शेतकऱ्याच्या उपयोगी पडत नाही.

म्हणून पाच मिश्रणे घ्यावीत. पहिले, नुसती माती. दुसरे, नेहमीचे मिश्रण. तिसरे, नेहमीचे मिश्रण अधिक चुना. चौथे, नेहमीचे मिश्रण अधिक जैवकोळसा. पाचवे, नेहमीचे मिश्रण, चुना आणि जैवकोळसा ही दोन्ही. तिसऱ्या मिश्रणाची गरज काय, असा प्रश्न कोणी विचारील. जैवकोळशाने रोपे सुधारली तर ती कोळशाच्या गुणाने सुधारली की केवळ त्यातील राखेने आम्लता कमी झाल्यामुळे, हे त्याच पिशव्या सांगतील. चुन्याच्या पिशव्याही तितक्याच चांगल्या निघाल्या, तर जे काम थोड्या चुन्याने झाले असते त्यासाठी भट्टी पेटवण्याचे कारण उरत नाही.

प्रत्येक मिश्रणाच्या बारा, अशा एकूण साठ पिशव्या होतात. त्या कशा मांडाव्यात? एका मिश्रणाच्या बाराही पिशव्या एकत्र ठेवल्या आणि त्या कोपऱ्यात योगायोगाने ऊन अधिक असले, तर उन्हाचा गुण मातीच्या नावे जमा होतो. यासाठी बारा रांगा कराव्यात; प्रत्येक रांगेत पाचही मिश्रणांची एकेक पिशवी असावी, आणि रांगेतील क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवावा. एका रांगेतील पाचही बिया एकाच फळातील व शक्य तितक्या सारख्या आकाराच्या घ्याव्यात. कोकोच्या झाडाझाडांत फरक असतो आणि मोठ्या दाण्याचे रोप आरंभी जोमदार दिसते. अशी वाटणी केली म्हणजे बियांचा गुण-दोष सर्व मिश्रणांना सारखाच मिळतो. ही युक्ती नवी नाही. इंग्लंडमधील रॉथॅमस्टेड येथे रोनाल्ड फिशर यांनी तिला शास्त्राचे रूप दिले. आपल्याकडे इंदूरच्याच संस्थेत काम केलेले विनायक गोविंद पानसे आणि सातारा जिल्ह्यातील बुध गावचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी शेतीतील प्रयोगांसाठी संख्याशास्त्रीय पद्धतींवर लिहिलेला ग्रंथ भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने १९५४ साली प्रकाशित केला. कृषी महाविद्यालयांतील अनेक पिढ्या त्याच ग्रंथावर शिकल्या.

प्रमाणाचा प्रश्न सर्वांत अधिक चुकतो. एक हेक्टर जमिनीतील वरच्या १५ सेंटिमीटर थराचे वजन ढोबळमानाने २० लाख किलो भरते. हेक्टरी २ टन चुना देणे म्हणजे किलोभर मातीला १ ग्रॅम चुना देणे होय. दोन किलोच्या पिशवीला २ ग्रॅम, म्हणजे चिमूटभरापेक्षा थोडा अधिक. उत्साही विद्यार्थी मूठभर टाकतो. मुठीत ४०-५० ग्रॅम सहज बसतात. हे प्रमाण वीस पटींहून अधिक झाले. मग सामू मर्यादेबाहेर चढतो, लोह आणि जस्त रोपाला मिळेनासे होते, कोवळी पाने पिवळी पडतात आणि ‘चुना कोकोला मानवत नाही’ असा चुकीचा निष्कर्ष वहीत उतरतो. जैवकोळशाचा हिशेबही असाच करून पाहावा. मातीच्या वजनाच्या पाच टक्के कोळसा पिशवीत मिसळणे फारसे अवघड नाही. पण तेच प्रमाण शेतात न्यावयाचे तर हेक्टरी १०० टन कोळसा लागेल. तो कोण देणार? म्हणून हा प्रयोग रोपवाटिकेतील पिशवीसाठी आहे, संपूर्ण बागेसाठी नाही, हे गटाने प्रारंभीच ठरवून लिहून ठेवावे.

पाणी सर्वांना सारखे द्यावे, हा नियमही तारतम्याने पाळावा लागतो. कोळसा व शेणखत घातलेली माती ओल अधिक काळ धरते. सर्व पिशव्यांना रोज झारीभर पाणी दिले तर काही पिशव्या कोरड्या राहतील आणि काहींत चिखल होईल. ओलाव्याने कोकोच्या रोपांना बुरशीजन्य करपा लवकर लागतो. तेव्हा प्रत्येक मिश्रणाची एखादी पिशवी उचलून किंवा वजन करून ओल पाहावी आणि त्याप्रमाणे पाणी द्यावे.

मोजमाप केव्हा घ्यावे? उगवल्यानंतर पहिले काही आठवडे रोप मुख्यत्वे आपल्या दोन जाड दलांतील साठ्यावर जगते. त्या काळात माती कोणतीही असो, रोपे जवळजवळ सारखीच दिसतात. महिन्याभरात निकाल जाहीर करणारा गट मातीची परीक्षा करीत नसतो, बियांची करीत असतो. दलांतील साठा संपून रोप खरोखर मुळांवर जगू लागले की फरक दिसू लागतो. म्हणून किमान चार महिने धीर धरावा. उंचीबरोबर खोडाची जाडी व पानांची संख्या नोंदवावी, कारण अधिक सावलीत रोप उंच पण किडकिडीत होते. शेवटी काही रोपे उपटून, मुळे धुऊन, वाळवून त्यांचे वजन करावे. रोप उपटताना विद्यार्थ्यांचा जीव कासावीस होतो हे खरे. तथापि ज्या मुळांसाठी एवढा खटाटोप केला ती पाहिल्याविना प्रयोग पुरा होत नाही. सोटमूळ पिशवीच्या तळाशी वेटोळे घालून बसले आहे का, हेही तेव्हाच कळते. असे वेटोळ्याचे रोप बागेत गेले तर त्याचा दोष उघड व्हावयास काही वर्षे लागतात, आणि तोवर शेतकऱ्याची तेवढी वर्षे गेलेली असतात.

मोजणारा विद्यार्थी आणि मिश्रण भरणारा विद्यार्थी शक्यतो निराळे असावेत. पिशवीवर मिश्रणाचे नाव न लिहिता नुसता क्रमांक लिहावा. ज्याने कोळसा स्वतः जाळला त्याच्या हातातील पट्टी कोळशाच्या रोपाकडे नकळत थोडी झुकते. हा दोष अप्रामाणिकपणाचा नव्हे, माणसाच्या स्वभावाचा आहे. म्हणूनच त्यावर उपाय योजावा लागतो.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट मेलेल्या रोपांची. समजा, नेहमीच्या मिश्रणातील बाराही रोपे जगली आणि त्यांची सरासरी उंची २४ सेंटिमीटर भरली. नव्या मिश्रणात आठ जगली आणि त्यांची सरासरी २७ आली. तक्त्यावर ‘तीन सेंटिमीटर वाढ’ असे मोठ्या अक्षरांत लिहिता येईल, आणि ते आकड्यांनी खोटेही ठरणार नाही. पण मेलेली चार रोपे कदाचित सर्वांत अशक्त होती. ती गळाल्यानेच उरलेल्यांची सरासरी वर गेली असेल. ज्या शेतकऱ्याने या तक्त्यावर विश्वासून शंभर पिशव्या भरल्या, त्याच्या हाती सुमारे ६७ रोपे येतील. त्याला तीन सेंटिमीटर उंची नको आहे. गेलेल्या ३३ रोपांचा जाब हवा आहे. म्हणून मेलेल्या प्रत्येक रोपाची तारीख, क्रमांक व दिसलेले कारण वहीत असलेच पाहिजे. रिकाम्या पिशवीतही माहिती असते.

या प्रयोगाचे महत्त्व केवळ वाढीपुरते नाही. दक्षिण अमेरिकेतील पेरू, एक्वादोर व कोलंबिया या देशांत कोकोच्या मातीचा प्रश्न निराळ्या रूपाने उभा आहे. तेथील काही भागांतील जमिनीत कॅडमियम हा विषारी धातू आढळतो. कोकोचे झाड तो मुळांवाटे घेते आणि तो दाण्यापर्यंत पोहोचतो. मनुष्याच्या मूत्रपिंडात गेलेला कॅडमियम अनेक वर्षे साठून राहतो. जपानमधील जिंझू नदीच्या खोऱ्यात खाणीच्या पाण्यावर पिकलेला भात खाऊन लोकांना जडलेला हाडांचा दुर्धर रोग १९६८ साली सरकारने याच धातूच्या प्रदूषणाचा परिणाम म्हणून मान्य केला. युरोपीय संघाने १ जानेवारी २०१९ पासून चॉकलेटमधील कॅडमियमवर मर्यादा लागू केली : ५० टक्के वा अधिक कोको असलेल्या चॉकलेटमध्ये किलोमागे ०.८० मिलिग्रॅम, तर कमी कोको असलेल्या दुधाच्या चॉकलेटमध्ये ०.१० मिलिग्रॅम. ज्या लहान शेतकऱ्याने जमिनीत काहीही विषारी टाकलेले नाही, त्याचाही माल मर्यादेपुढे गेला तर अडतो. माती जितकी आम्ल तितका कॅडमियम अधिक विरघळतो. म्हणून तेथील प्रयोगशाळांत कोकोची रोपे चुना, कंपोस्ट आणि जैवकोळसा मिसळलेल्या मातीत वाढवून त्यांच्या पानांतील कॅडमियम मोजतात.

पिशवीत अशा उपायांचा गुण अनेकदा स्पष्ट दिसतो. जुन्या बागेत तो तितकाच दिसेल याची खात्री नसते. पिशवीत संपूर्ण मुळे सुधारलेल्या मातीतच असतात. वीस वर्षांच्या झाडाची मुळे मात्र चुना पोहोचलेल्या वरच्या थराखालीही गेलेली असतात, आणि दाण्यात फरक पडण्यास दीर्घ काळ लागतो. कॅडमियमचा हा प्रश्न आपल्या जमिनीत आहेच असे यावरून कोणी समजू नये; ते केवळ माती परीक्षणानेच ठरते. परंतु पिशवीतील निकाल बागेत जसाच्या तसा नेऊ नये, हा धडा कुर्ताळमपासून काणकोणपर्यंत सर्वत्र सारखाच लागू आहे.

यावर उपाय आहे, आणि तो शाळेच्या कुंपणाबाहेर आहे. चार महिन्यांनंतर उरलेली रोपे फेकून न देता, क्रमांकासह गावातील एखाद्या कुळागरात लावावीत. गट उत्तीर्ण होऊन निघून जाईल; वही मात्र पुढच्या वर्गाकडे द्यावी. कोकोला फळ धरण्यास साधारण तिसरे-चौथे वर्ष उजाडते. तोवर दरवर्षी एकदा जाऊन त्या झाडांची नोंद घेतली, तर एका वर्गाचा प्रयोग चार वर्गांचा होतो आणि त्या वहीला खरी किंमत येते.

यात प्रत्येकाचा वाटा आहे. शिक्षकांनी गुण देताना निकाल अनुकूल आला की नाही हे न पाहता नोंदी पुऱ्या आहेत की नाहीत हे पाहावे. ‘नव्या मिश्रणाने काही फरक पडला नाही’ असे लिहिणाऱ्या गटाला पैकीच्या पैकी गुण मिळू शकतात, हे विद्यार्थ्यांना प्रथम दिवशीच कळले पाहिजे. अधिकाऱ्यांनी माती परीक्षणाचा अहवाल रोपे उगवण्यापूर्वी हाती येईल अशी व्यवस्था करावी. मागाहून आलेला अहवाल फक्त फाइलीच्या उपयोगी पडतो. आणि ग्रामस्थ बंधूंनी, कोणी नव्या पुडीची महती सांगू लागला, तर तीन साधे प्रश्न विचारावेत : तुलना कशाशी केली? किती लावली, त्यांतील किती मेली? आणि हे पिशवीत पाहिले की बागेत?

या तीन प्रश्नांची उत्तरे ज्याच्या वहीत आहेत तो विद्यार्थी असो वा विक्रेता, त्याचे म्हणणे ऐकण्याजोगे आहे. ज्याच्या वहीत ती नाहीत, त्याला पुन्हा साठ पिशव्या भरावयास सांगावे. कोकोचे फळ पुन्हा पिकेल. माती तोवर तयार ठेवावी.